आधी कारणं लिहा, मग कुलगुरू नेमा

सार्वजनिक विद्यापीठांची दुरवस्था दिसली की हल्ली एक तयार उत्तर पुढे केलं जातं. प्राध्यापकांच्या हाती विद्यापीठं देऊन पाहिली, त्यांनी ती बुडवली. आता उद्योगातला किंवा प्रशासनातला, मोठी संस्था चालवलेला माणूस कुलगुरू म्हणून आणा. निवृत्त सनदी अधिकारी हे लिहितात, उद्योजकांच्या परिषदांत हे बोललं जातं, आणि निकालाची वाट पाहून थकलेले पालकही त्याला माना डोलावतात. जानेवारी 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियमावलीचा जो मसुदा काढला, त्याने या म्हणण्याला अधिकृत बळ दिलं. उद्योग, लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण किंवा सार्वजनिक उपक्रम यांत वरिष्ठ पदावर किमान दहा वर्षं काढलेल्या आणि विद्याक्षेत्रात लक्षणीय योगदान असलेल्या व्यक्तीलाही कुलगुरू होता यावं, असं त्यात सुचवलं होतं.

पालकांचा वैताग खरा आहे. गुणपत्रिका हातात नसल्यामुळे पुढचा प्रवेश हुकलेला मुलगा घरात बसला असेल, तर त्या घराला विद्यापीठाच्या थोर परंपरेचं काय करायचं? पण दुखणं एकीकडे आहे आणि उपचार भलतीकडेच चालले आहेत. आपले कुलगुरू कोणत्या क्षेत्रातून येतात, हा आपल्यापुढचा प्रश्नच नाही. अनेक अर्जदारांतून नेमकी हीच व्यक्ती का निवडली, हे निवडणारे कधीही, कोणालाही सांगत नाहीत, हा प्रश्न आहे. तो तसाच ठेवून पात्रतेची कक्षा रुंदावली, तर निवडणाऱ्याची मुखत्यारी तेवढी वाढेल.

या मंडळींचं हुकमी उदाहरण मुंबई विद्यापीठाचं असतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. 2017 च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. 477 परीक्षा आणि सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, एकाच हंगामात. कायद्याप्रमाणे निकाल 45 दिवसांत लागायला हवेत. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. कुलगुरू प्राध्यापक होते, म्हणून प्राध्यापक नालायक, असा निष्कर्ष यातून काढला जातो.

त्या उन्हाळ्यात नेमकं काय बिघडलं ते मात्र कोणी सांगत नाही. नवी यंत्रणा एखाद्या शाखेत आजमावून, शिक्षकांना हाताळायला देऊन, मग टप्प्याटप्प्याने पसरवायची ही साधी रीत बाजूला ठेवली गेली. वरून निर्णय आला, कंत्राट दिलं गेलं आणि सगळ्या शाखा एकदम त्यात लोटल्या. ज्यांनी पेपर तपासायचे त्या शिक्षकांचे आक्षेप म्हणजे बदलाला विरोध, असं धरलं गेलं. हा प्राध्यापकी स्वभावाचा दोष म्हणायचा का? वेगाने निर्णय घ्या, तंत्रज्ञान आणा, विरोधाची पर्वा करू नका, अशीच तर व्यवस्थापकाची थोरवी आपल्याला ऐकवली जाते. मुंबईत त्या वर्षी त्याच पद्धतीची परीक्षा झाली आणि ती नापास झाली.

दुसरा युक्तिवाद आकाराचा. मुंबईसारख्या विद्यापीठाला आठशेच्या आसपास महाविद्यालयं संलग्न आहेत, विद्यार्थी लाखांत, उलाढाल कोट्यवधींची. एवढा पसारा चालवायला व्यवस्थापकच हवा, असं म्हणतात. पसारा मोठा आहे, यात वाद नाही. पण तो सांभाळण्यासाठी कायद्याने कुलसचिव दिला आहे, वित्त व लेखा अधिकारी दिला आहे, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचा स्वतंत्र संचालक दिला आहे. ही पदं वर्षानुवर्षं प्रभारी माणसांवर रेटली जातात. व्यवस्थापनकुशल माणसं आणायचीच असतील तर आधी इथे आणा, पूर्णवेळ आणा, चांगला पगार देऊन आणा. त्याला माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाचा पूर्ण पाठिंबा आहे.

कुलगुरूचं काम निराळं. तो व्यवस्थापन परिषदेचा आणि विद्या परिषदेचा अध्यक्ष असतो. विद्यापीठातले शिक्षक निवडणाऱ्या समितीचं अध्यक्षपदही त्याच्याचकडे असतं. म्हणजे पुढची तीस वर्षं इतिहास कोण शिकवणार, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोण उभं राहणार, हे ठरवणाऱ्या टेबलाच्या मधल्या खुर्चीत तो बसतो. समोरच्या उमेदवाराने दाखवलेला शोधनिबंध पैसे मोजून छापून घेतलेला आहे की खरंच काही नवं सांगणारा आहे, हे त्याला उमगलं पाहिजे. विषयतज्ज्ञ असतात हे मान्य. पण तज्ज्ञांची यादी कशी बनते आणि दोन तज्ज्ञांचं पटलं नाही तर कोणाच्या बोलण्यात दम आहे, हे अध्यक्षालाच ओळखावं लागतं.

विद्या परिषदेच्या बैठका मी आतून पाहिल्या आहेत. अभ्यास मंडळांनी मंजूर केलेले अभ्यासक्रम तिथे गठ्ठ्याने येतात. बहुतेक वेळा विषयपत्रिकेचा क्रमांक वाचला जातो, कोणीतरी ‘मंजूर’ म्हणतं, पान उलटतं. एका बैठकीत आमच्या कुलगुरूंनी असा एक गठ्ठा थांबवला. पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात संदर्भग्रंथांची लांबलचक यादी होती. ते स्वतः भौतिकशास्त्राचे. त्यांनी यादीवर बोट ठेवून विचारलं, ‘‘यातलं सगळ्यात नवं पुस्तक कोणत्या साली निघालं?’’ सभागृहात शांतता पसरली. मग त्यांनी विचारलं, ‘‘आणि यातली आपल्या ग्रंथालयात किती आहेत?’’ अधिष्ठात्यांना उत्तर देता आलं नाही. अभ्यासक्रम परत गेला. पुढच्या बैठकीला सुधारून आला तेव्हा यादी निम्म्याहून लहान होती आणि त्यातलं प्रत्येक पुस्तक विद्यार्थ्याला हाती लागेल असं होतं. त्या गृहस्थांना अर्थशास्त्र येत नव्हतं. पण अभ्यासक्रम म्हणजे काय, ग्रंथयादी कशासाठी असते, शिक्षक ती कधी टाळाटाळ म्हणून फुगवतात, हे त्यांना वर्गात वर्षं काढल्यामुळे ठाऊक होतं. ताळेबंद वाचण्यात कितीही मुरलेला माणूस तिथे असता, तरी हा प्रश्न त्याला सुचला नसता.

इतिहासाचा दाखलाही हमखास दिला जातो. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर बॅरिस्टर होते, वसंतराव गोवारीकर अवकाश संशोधनातून आले, नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेतून आले. मग बाहेरच्या माणसाचं वावडं कशाला? हा दाखला देणाऱ्यांनी या तिघांकडे जरा नीट पाहावं. जयकर 1948 मध्ये कुलगुरू झाले, त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठ कसं असावं याचा विचार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या विद्यापीठाची कल्पना ज्यांच्या डोक्यात आकाराला आली, त्यांच्याकडेच ते सोपवलं गेलं. पुणे विद्यापीठाचं ग्रंथालय आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते उगाच नव्हे. गोवारीकर बर्मिंगहॅमहून डॉक्टरेट घेऊन आलेले संशोधक, थुंब्याच्या अवकाश केंद्राचे प्रमुख. जाधव अर्थशास्त्रातले डॉक्टरेट, अर्थतज्ज्ञ म्हणूनच बँकेत वावरलेले. तिघांनाही विद्येचा व्यवहार परका नव्हता. आणि अशा संशोधकांसाठी नियम बदलण्याची गरजही नाही. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठात दहा वर्षं प्राध्यापक असलेल्यांबरोबरच, नामांकित संशोधन किंवा शैक्षणिक प्रशासकीय संस्थेत दहा वर्षं काम करून शैक्षणिक नेतृत्व सिद्ध केलेल्यांनाही वाट मोकळी आहे. आजचा गोवारीकर आजच्याच नियमाने कुलगुरू होऊ शकतो.

उलट दाखला मात्र कोणी देत नाही. कोल्हापूरला 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ निघालं तेव्हा आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. इतिहासाचे अभ्यासक, ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड संपादित करणारे. त्यांनी तेरा वर्षांत उघड्या माळावर विद्यापीठ उभं केलं. राम ताकवले भौतिकशास्त्राचे. पुण्याचं कुलगुरूपद सांभाळून पुढे त्यांनी नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ शून्यातून वर आणलं. शेतकरी, गृहिणी, नोकरदार अशा माणसांच्या दारात पदवी पोचवायची व्यवस्था त्यांनी घडवली. प्राध्यापकाला कारभार जमत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नाशिकला जाऊन यावं.

मग अमेरिकेकडे बोट दाखवलं जातं. तिथे कंपन्यांचे अधिकारी विद्यापीठांचे अध्यक्ष होतात, हे खरंच आहे. काय होतं तेही सांगायला हवं. मिसुरी राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठ व्यवस्थेच्या अध्यक्षपदी 2012 मध्ये सॉफ्टवेअर उद्योगातले टिमोथी वुल्फ आले. नोव्हेंबर 2015 मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. तिथल्या कोलंबिया शहरातल्या विद्यापीठ परिसरात घडलेल्या वंशद्वेषाच्या घटनांवर कृष्णवर्णीय विद्यार्थी बोलत होते, अध्यक्षांपर्यंत ते पोचतच नव्हतं. शेवटी फुटबॉल संघातल्या खेळाडूंनी खेळायला नकार दिला, तेव्हा कुठे हालचाल झाली. आयोवा विद्यापीठात 2015 मध्येच ब्रूस हॅरल्ड या उद्योगातून आलेल्या गृहस्थांची नेमणूक झाली. तिथे एक गोष्ट आपल्यापेक्षा चांगली होती: अंतिम उमेदवारांनी परिसरात येऊन जाहीर सभेत प्रश्नांना उत्तरं दिली. शिक्षकांनी त्यांना ऐकलं, ते या पदाला योग्य नाहीत असं उघडपणे सांगितलं, तरी नियामक मंडळाने त्यांनाच नेमलं. प्राध्यापक सभेने मंडळावर अविश्वास व्यक्त केला. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेने पुढच्या वर्षी मंडळाच्या वर्तनावर ठपका ठेवला. जाहीर प्रक्रियेने चुकीची निवड टळतेच असं नाही, हे आयोवाने दाखवलं. पण चूक कोणाची आणि कुठे झाली, हे तिथल्या प्रत्येक शिक्षकाला आणि करदात्याला माहीत होतं. आपल्याकडे तेवढंही कळत नाही.

आपल्याकडची रीत पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार शोध समिती नेमली जाते. जाहिरात निघते, अर्ज येतात, छाननी होते, काही जणांना मुलाखतीला बोलावतात. उमेदवार थोड्या वेळात विद्यापीठाच्या भविष्याचं सादरीकरण करतो. समिती किमान पाच नावं, प्राधान्यक्रम न लावता, कुलपतींकडे म्हणजे राज्यपालांकडे पाठवते. राज्यपाल पाचांना भेटतात आणि एकाचं नाव जाहीर होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आणि अल्पपरिचय येतो. बाकीच्या चौघांपेक्षा ही व्यक्ती कशामुळे सरस ठरली, याबद्दल एक ओळसुद्धा नसते. विद्यापीठातल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना, अधिसभेला, ज्यांच्या कराच्या पैशावर हे चालतं त्या जनतेला, कोणालाच काही कळत नाही. मग अफवांचं राज्य सुरू होतं. अमुक यांच्या जवळचा, तमुक संघटनेचा, अमक्या जातीचा. लायक माणूसही पहिल्या दिवसापासून त्या अफवांचं ओझं घेऊन खुर्चीत बसतो.

कायद्याला हे अभिप्रेत नाही. राज्याच्या अधिनियमात प्रत्येक शिफारस केलेल्या व्यक्तीच्या योग्यतेबद्दल सविस्तर टिपण जोडण्याची तरतूद आहे. आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत तर स्पष्ट म्हटलं आहे की विद्वत्ता, देशातल्या आणि परदेशातल्या उच्च शिक्षणाचा परिचय, शैक्षणिक व प्रशासकीय कारभाराचा अनुभव यांना समितीने किती महत्त्व दिलं, हे नावांबरोबर लेखी कळवायचं. म्हणजे कारणं लिहिली जायलाच हवीत. ती एका लखोट्यात राज्यपालांच्या कार्यालयापर्यंत जातात आणि तिथेच थांबतात.

सर्वोच्च न्यायालयाने गेल्या काही वर्षांत रद्द केलेल्या नेमणुका पाहिल्या तर दोष निवडीच्या पद्धतीत होता, हेच दिसतं. केरळच्या एपीजे अब्दुल कलाम तंत्रज्ञान विद्यापीठातली नेमणूक ऑक्टोबर 2022 मध्ये रद्द झाली. तिथे समितीने पाच-तीन नव्हे, एकच नाव पाठवलं होतं. कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनेमणूक नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द झाली, आणि हे प्रकरण मला सर्वांत बोलकं वाटतं. कुलगुरू इतिहासाचे मान्यवर अभ्यासक होते. त्यांच्या पात्रतेवरचे आक्षेप न्यायालयाने फेटाळले. तरीही नेमणूक टिकली नाही, कारण निर्णय कुलपतींनी स्वतःच्या विचाराने घेतलेला नव्हता, राज्य सरकारने त्यात हात घातला होता. माणूस लायक असूनही पद्धत नासली तर काय होतं, याचं याहून ठळक उदाहरण नाही. पश्चिम बंगालमध्ये राज्यपाल आणि सरकार यांच्या ओढाताणीत विद्यापीठांना पूर्णवेळ कुलगुरू मिळेनात, तेव्हा जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला माजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखाली निवड समिती बसवावी लागली. यातल्या एकाही ठिकाणी, उमेदवार प्राध्यापक होते म्हणून घोटाळा झालेला नाही.

महाराष्ट्रातले वादही याच वळणाने गेले. डिसेंबर 2021 मध्ये महाविकास आघाडी सरकारने दुरुस्ती विधेयक मंजूर करून घेतलं: समितीची नावं सरकारकडे येणार, सरकार त्यातली दोन राज्यपालांकडे धाडणार, त्यांनी तीस दिवसांत एक निवडायचं. विरोधकांनी राजकीय हस्तक्षेप म्हणून रान उठवलं. सरकार म्हणालं, राज्यपालही कोणाचे तरी असतातच. राज्यात सत्ता बदलली आणि विधेयक मागे घेतलं गेलं. आयोगाच्या 2025 च्या मसुद्यात मग राज्य सरकारला समितीत जागाच उरली नाही. तमिळनाडू, केरळ आणि इतर राज्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि संघराज्याच्या दृष्टीने तो विरोध रास्त होता. पण या सगळ्या भांडणात शेवटची सही कोणाची एवढाच मुद्दा राहिला. सही करणाऱ्याने कारण सांगितलं पाहिजे, असा आग्रह एकाही पक्षाने धरला नाही. दोघांनाही ते अडचणीचंच होतं.

राहिला वेळखाऊपणाचा आक्षेप. निवड लांबते म्हणून समित्या, मुलाखती हे सगळं आटोपशीर करावं, असं सुचवलं जातं. पुण्याचं कुलगुरूपद मे 2022 मध्ये रिकामं झालं आणि जून 2023 मध्ये भरलं. मुंबईचं सप्टेंबर 2022 पासून जून 2023 पर्यंत प्रभारीच होतं. त्या काळात पुण्याचा भार लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंवर आणि मुंबईचा कोल्हापूरच्या कुलगुरूंवर. कोल्हापूरच्या कुलगुरूंनी मुंबई सांभाळायची ही वेळ सहा वर्षांत दुसऱ्यांदा आली होती. 2017 मध्येही तेच झालं होतं. पावणेचारशे किलोमीटरवरून दोन विद्यापीठं चालवणारा माणूस फायलींवर सह्या करू शकतो, त्याच्याकडून नव्या विभागाचा विचार होत नाही. पण हा उशीर मुलाखतींमुळे झाला नाही. पद कधी रिकामं होणार हे पाच वर्षं आधी ठाऊक असतं, आणि नवी निवड किमान सहा महिने आधी सुरू करावी असं कायदाच सांगतो. समितीत आयोगाचा प्रतिनिधी हवा की नको, या घोळात महिने गेले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्येच गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या प्रकरणात आयोगाचे नियम राज्यांनाही बांधील आहेत असं सांगितलं होतं. वेळीच कायदा दुरुस्त केला असता तर दोन्ही मोठी विद्यापीठं एकाच वेळी निर्नायकी राहिली नसती.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. अंतिम पाच उमेदवारांची नावं, त्यांचे परिचय आणि त्यांनी मांडलेला आराखडा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवा. प्रत्येकाला एकदा विद्यापीठात बोलवा आणि शिक्षक-विद्यार्थ्यांसमोर उभं करा. समितीची लेखी टिपणं निवडीनंतर जाहीर करा. कुलपतींनी नाव निश्चित करताना एक पानभर कारण लिहावं आणि ते प्रसिद्ध करावं. उद्योगातला माणूस खरोखरच पाचांत उजवा ठरला असेल तर तेही त्या पानावर लिहिता येईल, आणि मग माझ्यासारख्याला त्याच्याशी मुद्द्यावर वाद घालता येईल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो की नावं जाहीर झाली तर चांगली माणसं अर्जच करणार नाहीत. निवड न झाल्यास नाचक्की होईल. यात तथ्य फारसं नाही, कारण नावं आजही जाहीर होतातच. मुलाखतीला कोणाकोणाला बोलावलं याच्या याद्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतात, प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर त्याआधीच फिरतात. शिवाय ज्याला हजारो विद्यार्थ्यांच्या मोर्चासमोर उभं राहायचं आहे, मंत्र्याच्या फोनला नाही म्हणायचं आहे, त्याला शंभर शिक्षकांसमोर आपला आराखडा मांडायला संकोच वाटत असेल, तर तो संकोच निवडीपूर्वीच दिसलेला बरा.

पुढची रिकामी होणारी पदं कोणती, हे आज कॅलेंडरवर दिसतं आहे. त्या त्या विद्यापीठाच्या अधिसभेत निवडून गेलेले शिक्षक आणि पदवीधर प्रतिनिधी बसलेले आहेत. वार्षिक अर्थसंकल्पाच्या सभेत ते शुल्कावर, वसतिगृहांवर, निकालांवर ठराव आणतात. अंतिम उमेदवारांना परिसरात बोलवावं आणि समितीची टिपणं जाहीर करावीत, अशी विनंती कुलपतींना करणारा ठरावही त्यांना आणता येतो. त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहायची गरज नाही. येत्या सभेच्या सूचनापत्राची मुदत संपण्याआधी एका सदस्याने तो लिहून द्यायला हवा.